विश्लेषण : चेन सॉ घरपोच की दुकानातूनच? ऑनलाइन विक्रीबंदीचा वाद काय आहे?

पावसाळा सरत आला की कोकणातील आंबा-काजूच्या बागांत बेणणी सुरू होते. मजूर मिळत नाहीत, म्हणून बागायतदार ग्रासकटर घेतो. मोबाइलवर तो दुकानापेक्षा स्वस्त दिसतो आणि घरपोचही येतो. पण महिनाभराने यंत्र बंद पडले की त्याला आठवण येते ती तालुक्याच्या गावातील विक्रेत्याची. मग अशी यंत्रे ऑनलाइन विकूच नयेत, असे कंपनीने ठरवले तर? आणि कायद्याने तिला तसे करू द्यावे का? फ्रान्समध्ये या प्रश्नावर एका नामांकित कंपनीला दंड झाला. त्या प्रकरणातून भारतातील ग्राहक आणि विक्रेत्यांनीही घेण्यासारखे बरेच आहे.

फ्रान्समधील प्रकरण काय होते?

श्टील ही चेन सॉ, ग्रासकटर, हेज ट्रिमर बनवणारी जर्मन कंपनी. आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये ती स्थापन केली. मोठ्या साखळी दुकानांऐवजी दुरुस्तीची सोय असलेल्या अधिकृत विक्रेत्यांमार्फतच यंत्रे विकायची, हे तिचे जुने धोरण. फ्रान्समधील करारांत तिने एक अट घातली होती. यंत्र ग्राहकाच्या हाती प्रत्यक्षच द्यायचे. मागणी संकेतस्थळावर नोंदवली तरी ग्राहकाने दुकानात येऊन यंत्र न्यावे किंवा विक्रेत्याने स्वतः त्याच्या घरी जाऊन ते द्यावे. कुरिअरने पाठवायचे नाही.

कागदोपत्री ऑनलाइन विक्रीला मनाई नव्हती. पण ३०० किलोमीटरवरच्या ग्राहकाकडे कोणता विक्रेता एक ग्रासकटर घेऊन जाणार? संकेतस्थळ असूनही विक्रेत्याची बाजारपेठ त्याच्या गावापुरतीच राहिली. फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणाने २४ ऑक्टोबर २०१८ रोजी ही ऑनलाइन विक्रीवरील प्रत्यक्ष बंदीच असल्याचा निष्कर्ष काढून कंपनीला ७० लाख युरोचा दंड ठोठावला. पॅरिसच्या अपील न्यायालयाने २०१९ मध्ये निष्कर्ष कायम ठेवला, दंड मात्र ६० लाख युरोवर आणला.

कंपनीचा युक्तिवाद काय होता?

सुरक्षेचा. आणि तो पोकळ नव्हता. चेन सॉची साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने फिरते. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर यंत्र क्षणात उसळून चालवणाऱ्याच्या चेहऱ्याच्या दिशेने येते. यालाच ‘किकबॅक’ म्हणतात. त्या वेळी चेन ब्रेक लागला नाही तर गंभीर इजा होते. ग्रासकटरचे पाते दगड उडवते, म्हणून साधारण १५ मीटरच्या आत कोणी असू नये, असे बहुतेक सूचनापुस्तिका सांगतात. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. प्रमाण ५०:१ असेल तर ५ लिटरला १०० मिलिलिटर. तेल विसरले तर पिस्टन जाम होतो.

या गोष्टी छापील पुस्तिकेपेक्षा माणसाने माणसाला दाखवल्या तर जास्त लक्षात राहतात, हे कोणीही मान्य करील. प्राधिकरणानेही यंत्रे धोकादायक आहेत आणि ती निवडक, सक्षम विक्रेत्यांकडूनच विकण्याची पद्धत समर्थनीय आहे, हे मान्य केले.

मग दंड का झाला?

कारण उद्देश योग्य असला तरी त्यासाठी घातलेली अट गरजेपेक्षा मोठी होती. यंत्रसुरक्षेच्या युरोपीय नियमांत सूचनापुस्तिका आणि धोक्याचे इशारे सक्तीचे आहेत, पण यंत्र समोरासमोरच हाती द्यावे असे कोणताही नियम सांगत नाही. स्पर्धक कंपन्याही सरसकट तशी अट घालत नव्हत्या. यंत्र खरेच इतके धोकादायक असेल की समोर उभे राहूनच द्यावे, तर ती अट एका कंपनीच्या करारात का आणि सगळ्यांना लागू असलेल्या कायद्यात का नाही, असा प्रश्न त्यातून उभा राहतो.

परिणाम मात्र ठोस होता. ग्राहकाला दूरच्या विक्रेत्याचा भाव मिळू शकत नव्हता आणि एकाच ब्रँडच्या विक्रेत्यांमधील स्पर्धा कमी झाली होती. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०११ मध्ये ‘पिएर फाब्र’ या सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या प्रकरणात हाच धागा पकडला होता. अधिकृत विक्रेत्याला इंटरनेटवरून विकण्यास पूर्ण मनाई करायची तर तिला वस्तुनिष्ठ कारण हवे, असे न्यायालयाने म्हटले होते.

कंपनीचे काहीच मान्य झाले नाही का?

झाले, आणि तेही महत्त्वाचे. अधिकृत विक्रेत्यांनी ॲमेझॉनसारख्या त्रयस्थ ई-बाजारपेठांवर ही यंत्रे विकू नयेत, ही अट प्राधिकरणाने वैध ठरवली. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयाने ‘कोटी’ या प्रसाधन कंपनीच्या प्रकरणात आलिशान वस्तूंबाबत असाच निकाल दिला होता. फ्रान्सने ते तत्त्व यंत्रांनाही लावले. ई-बाजारपेठेशी कंपनीचा करार नसतो. त्यामुळे सल्ला नीट दिला जातो की नाही, यावर तिचे नियंत्रण राहत नाही.

म्हणजे निकालाचा अर्थ ‘सगळे ऑनलाइन खुले करा’ असा नव्हता. विक्रेता निवडण्याचा हक्क कंपनीला आहे. निवडलेल्या विक्रेत्याला स्वतःच्या संकेतस्थळावरून विकण्यापासून रोखण्याचा नाही.

स्थानिक विक्रेत्याची खरी अडचण काय?

त्याच्याकडून ग्राहक फुकट घेऊन जातो ती माहिती आणि मदत. ग्राहक दुकानात येतो, दोन मॉडेल खांद्यावर लटकवून पाहतो, कोणते घ्यावे हे विचारतो आणि रात्री मोबाइलवर स्वस्तातले मागवतो. दुकानाचे भाडे, मेकॅनिकचा पगार, स्पेअरचा साठा यांचा खर्च एकाने करायचा आणि विक्री दुसऱ्याच्या खात्यावर जायची. अर्थशास्त्रात याला ‘फ्री रायडिंग’ म्हणतात.

हे फार काळ चालले तर विक्रेता आधी स्पेअर ठेवणे कमी करतो, मग मेकॅनिक सोडतो, शेवटी दुकानात दुसराच धंदा सुरू करतो. त्याचा फटका ऑनलाइन घेणाऱ्यालाही बसतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीत रस्त्यांवर, घरांवर, वीजवाहिन्यांवर झाडे पाडली. अशा वेळी चेन सॉ असून भागत नाही. साखळी बोथट होते, तिला धार लावणारा आणि नवी साखळी देणारा त्याच दिवशी, जवळपास हवा असतो. रस्ते बंद असताना पार्सल येत नाही.

युरोपने तोडगा काय काढला?

१ जून २०२२ पासून युरोपीय संघात पुरवठादार आणि विक्रेत्यांमधील करारांचे नवे नियम लागू झाले. इंटरनेटचा परिणामकारक वापर रोखणारी अट त्यांत गंभीर उल्लंघनच मानली गेली आहे. पण एक सवलत नव्याने मिळाली. एकाच विक्रेत्याला दुकानात विकायच्या मालासाठी एक आणि ऑनलाइन विकायच्या मालासाठी दुसरा घाऊक दर कंपनी लावू शकते. फरक दोन्हीकडच्या गुंतवणुकीच्या आणि खर्चाच्या फरकाशी सुसंगत हवा, ऑनलाइन विक्री मारण्यासाठी नको. आधीच्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा दुहेरी दराकडे संशयाने पाहिले जात होते.

म्हणजे दुकानदाराला वाचवायचे तर ग्राहकाची वाट अडवू नका, दुकानदार जी सेवा देतो तिचे पैसे त्याला द्या.

भारतात कायदा काय सांगतो?

स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३(४) मध्ये अनन्य वितरण, विक्रीस नकार, पुनर्विक्रीची किंमत ठरवून देणे असे करार येतात. ते आपोआप बेकायदा ठरत नाहीत. बाजारातील स्पर्धेवर लक्षणीय प्रतिकूल परिणाम होतो, हे दाखवावे लागते. किंमत बांधण्याबाबत आयोग कठोर राहिला आहे. विक्रेत्यांनी ठरलेल्यापेक्षा जास्त सवलत देऊ नये, या धोरणाबद्दल ऑगस्ट २०२१ मध्ये मारुती सुझुकीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावण्यात आला. कंपनीने त्याला अपिलात आव्हान दिले.

ऑनलाइन विक्रीच्या वादाचे जवळचे उदाहरण ‘काफ’ या स्वयंपाकघरातील उपकरणांच्या कंपनीचे. स्नॅपडीलवर विकलेल्या उपकरणांना वॉरंटी देणार नाही, अशी सूचना तिने संकेतस्थळावर टाकली होती. आयोगाने २०१४ मध्ये चौकशीचे आदेश दिले, मात्र २०१९ मध्ये प्रकरण बंद केले. त्यामुळे युरोपइतकी स्पष्ट रेषा भारतात आखली गेलेली नाही.

सुरक्षेच्या बाजूने मात्र आपल्याकडे एक उपयोगी तरतूद आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. धोके आणि योग्य वापर याबाबत उत्पादकाने दिलेले इशारे किंवा सूचना विकताना ग्राहकापर्यंत पोहोचवल्या नाहीत आणि त्यातून इजा झाली, तर विक्रेता जबाबदार ठरू शकतो. कायद्याने येथे दुकान आणि संकेतस्थळ असा भेद केलेला नाही.

कोकणात आणि इतरत्र वास्तव काय?

सूचना मालकाला मिळतात, यंत्र चालवतो मजूर. बागेचा मालक दुकानात उभा राहून सगळे समजून घेईल. खांद्यावर पट्टा अडकवून उतारावर गवत कापणारा गडी त्या वेळी दुकानात नसतो. रत्नागिरीच्या अनेक बागांत तो नेपाळहून आलेला असतो आणि पुस्तिकेची भाषा त्याची नसते. त्यामुळे ‘यंत्र समोरासमोर दिले म्हणजे सुरक्षा झाली’ हा दावा आपल्याकडे आणखीच लंगडा पडतो. आणि ‘व्हिडीओ पाहून शिकता येते’ हा ऑनलाइन विक्रेत्याचा दावाही तितकाच लंगडा.

याला आपल्याकडे एक पूर्वोदाहरण आहे. मळणी यंत्रात हात गमावणाऱ्या मजुरांचा प्रश्न मोठा झाला तेव्हा संसदेने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा केला. मळणी यंत्रे कोणत्या मार्गाने विकावीत, यावर तो अडकून बसला नाही. यंत्र कसे असावे, इशारे कसे द्यावेत आणि मजुराला इजा झाली तर भरपाई कोणी द्यावी, यावर त्याचा भर होता.

ग्राहकाने काय तपासावे?

ऑनलाइन मागवण्यापूर्वी विक्रेत्याचे नाव-पत्ता आणि वस्तूचा मूळ देश पाहावा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ही माहिती देणे बंधनकारक आहे. वॉरंटी नेमकी कोण देणार आणि जवळचे सेवा केंद्र किती अंतरावर आहे, हे लेखी विचारावे. साखळी, पाते, कार्ब्युरेटरची किट तालुक्याच्या गावात मिळते का, हे दुकानात विचारून घ्यावे. अनुदान हवे असेल तर आधी महाडीबीटीवर अर्ज आणि पूर्वसंमती, मग खरेदी. अनुदानासाठी देयक आणि यंत्राचा तपासणी अहवालही लागतो, त्यामुळे स्वस्तातले बिननावाचे यंत्र तिथे बाद होऊ शकते. यंत्र काही महिने वापरायचे नसेल तर टाकी रिकामी ठेवावी. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा शोषते आणि कार्ब्युरेटर खराब होतो.

मग बंदी हवी की नको?

नको. सुरक्षेचे नाव घेऊन भावाची तुलना थांबवणारी अट ग्राहकाच्या हिताची नाही. फ्रान्समध्ये दंड झाला तो याच कारणाने. पण ‘बंदी नको’ एवढ्यावर थांबणे म्हणजे तालुक्याच्या गावातील दुकानाला हळूहळू कुलूप लावणे आहे. त्या दुकानातील मेकॅनिक हा कंपनीच्या विक्रीचाच भाग आहे. तो नसेल तर ऑनलाइन विकलेले यंत्रही पहिल्याच बिघाडानंतर पडवीत गंजत पडते.

म्हणून तीन गोष्टी हव्यात. एक, यंत्र कुठूनही विकले गेले तरी त्या भागातील विक्रेत्याला पहिली सर्व्हिसिंग आणि प्रात्यक्षिकाचे पैसे कंपनीने द्यावेत, आणि ती रक्कम बिलावर वेगळी दिसावी. दोन, प्रात्यक्षिक यंत्र चालवणाऱ्याला द्यावे, त्याच्या भाषेत, त्याच्या हातात यंत्र देऊन. हेल्मेट, जाळीचा चष्मा, हातमोजे आणि पायाचे संरक्षण ही पर्यायी खरेदी नसून यंत्राचाच भाग मानली जावी. तीन, ज्या यंत्राने हातपाय जाऊ शकतो त्याची सुरक्षा कंपन्यांच्या करारांवर सोडू नये. नियम सरकारने करावेत आणि ते दुकान, संकेतस्थळ, ई-बाजारपेठ अशा सगळ्यांना सारखे असावेत.

ग्राहकाला स्वस्त भाव शोधण्याचा हक्क आहे, विक्रेत्याला कामाचा मोबदला मिळण्याचा. या दोघांच्या भांडणात ज्याचे नाव कुठल्याच करारात नसते, तो उतारावर पाते फिरवणारा माणूस. ऑनलाइन विक्रीचा नियम चांगला की वाईट, हे आधी त्याच्या बाजूने तपासायला हवे.