मोटारी नसलेला रस्ता आणि आमच्या दोन सायकली

गेल्या महिन्यात हे सदर आलं नाही, म्हणून काही वाचक भगिनींनी चौकशी केली. तब्येत ठीक आहे, अल्हम्दुलिल्लाह. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघी बहिणी आयर्लंडला गेलो होतो. धाकटा भाऊ तिथे वॉटरफर्ड शहरात नोकरीला आहे आणि सहा वर्षांपासून तो 'या, या' म्हणत होता. (जाणाऱ्यांसाठी एक सूचना: शेंगेनचा व्हिसा आयर्लंडमध्ये चालत नाही. आमची तयारी त्या गैरसमजापायी जवळजवळ वाया जाणार होती.)

भावाने फोनवरच सांगून ठेवलं होतं, "आपा, इथे आलात की सायकल चालवायची आहे." आम्ही हसण्यावारी नेलं. आपा आता 48 वर्षांची आहे आणि हे लिहिणारी 45 ची. शेवटची सायकल चालवली त्याला 32 वर्षं झाली.

तो दिवस आमच्या घरात कुणी काढत नाही. आपा दहावीत होती आणि आम्ही आठवीत. अब्बांनी एक जुनी लेडीज सायकल घेऊन दिली होती. आपा पुढे, आम्ही कॅरियरवर, दप्तरं हँडलला. शाळा हायवेच्या पलीकडे. एका सकाळी मागून आलेला ट्रक आम्हाला घासून गेला. नुसत्या त्याच्या वाऱ्यानेच आम्ही गटारात फेकल्या गेलो. आपाचा डावा हात मोडला, आम्हाला फक्त खरचटलं. अब्बा ओरडले नाहीत. संध्याकाळी त्यांनी सायकल पडवीत नेऊन उभी केली आणि पुढच्या महिन्यापासून आमचे एसटीचे पास निघाले. कुणी 'चालवू नका' असं म्हटलं नाही. म्हणण्याची गरजच पडली नाही.

वॉटरफर्डपासून समुद्रकाठच्या डन्गार्वन गावापर्यंत 46 किलोमीटरचा एक रस्ता आहे. त्याला ग्रीनवे म्हणतात. त्यावर मोटार, दुचाकी, ट्रक काहीही येत नाही. फक्त पायी चालणारे, सायकलवाले, बाळगाड्या ढकलणाऱ्या आया आणि व्हीलचेअरवरची वयस्क माणसं. हा रस्ता मुळात रेल्वेचा. 1878 साली इथे रूळ पडले. 1967 पर्यंत प्रवासी गाड्या चालल्या, पुढे 1982 पर्यंत मालगाड्या, आणि मग सगळं बंद पडून झुडपांनी भरून गेलं. ती वाट साफ करून, डांबर घालून 2017 मध्ये ती लोकांना खुली झाली.

रेल्वेचा जुना मार्ग सायकलला इतका सोयीचा का, हे आमच्यासारख्या नवख्यांनी समजून घेण्यासारखं आहे. आगगाडीला आमच्या घाटांसारखा उभा चढ चढता येत नाही. म्हणून रूळ टाकताना डोंगर कापतात, दरीवर पूल बांधतात, बोगदा काढतात, आणि चढ इतका हलका ठेवतात की तो डोळ्यांना दिसतही नाही. कोकण रेल्वेच्या बाजूला राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी इंजिनासाठी केलेल्या त्या कष्टाचा फायदा आता दुखऱ्या गुडघ्यांना मिळतो.

आम्ही दोन टप्पे केले. पहिल्या दिवशी वॉटरफर्ड ते किलमॅकथॉमस, साधारण 24 किलोमीटर. मग एक दिवस सोडून उरलेला भाग. तरुण मंडळी सगळं एका दिवसात करतात, पण आम्हाला कुणाशी शर्यत लावायची नव्हती. सायकली भाड्याने मिळतात, बॅटरीच्याही. आपाने बॅटरीची नाकारली. "आपोआप पळायला लागली तर?" भावाच्या दहा वर्षांच्या मुलीने, म्हणजे आमच्या भाचीने, सीट खाली करून पाय टेकवून दाखवले. आमचे कुर्ते लांब, म्हणून साखळीवर कव्हर असलेल्या सायकली मागून घेतल्या आणि ओढण्या मागे पिन लावून बसवल्या. हे बहिणींनी नक्की करावं. ओढणी साखळीत गेली की काय होतं, ते आमच्या पिढीने पाहिलं आहे.

पहिले दोनशे मीटर आपा सायकल हातात धरून चालतच राहिली. भाची मागे-पुढे गोल फिरत होती. मग आपा बसली, तीनदा पाय टेकला, चौथ्यांदा सायकल निघाली. आम्ही मागून पाहत होतो. तिची मान ताठ होती आणि दर थोड्या अंतराने ती उजव्या खांद्यावरून मागे पाहत होती. मागे आमच्याखेरीज कुणी नव्हतं, तरी ती पाहत होती.

सुरुवातीचा रस्ता शुअर नदीच्या काठाकाठाने जातो. ही नदी आमच्या खाडीसारखीच, भरती-ओहोटीची, गढूळ पाण्याची, काठाला चिखल. वूड्सटाउन नावाच्या जागी 2003 मध्ये मोठ्या रस्त्याच्या कामाआधी जमीन तपासताना व्हायकिंग लोकांची हजार-अकराशे वर्षं जुनी वस्ती सापडली. वर पाहाल तर आज गवतच आहे. पुढे किलमीडनपर्यंत शेजारूनच एक छोटी हौशी गाडी अरुंद रुळांवरून चालते. तिच्यातल्या मुलांनी आम्हाला हात केला. आपाने हात केला नाही, कारण हँडल सोडायची तिची तयारी नव्हती.

वाटेत दोन्ही बाजूंना काटेरी झुडपांवर पिवळी फुलं होती. गोर्स म्हणतात त्याला. पुन्हा पुन्हा खोबऱ्याचा वास येत होता. आम्हाला वाटलं, वहिनीने डब्यात ओला नारळ दिला असेल. डब्यात नुसत्या रोट्या आणि अंड्याची भुर्जी होती. तो वास फुलांचा होता! कोकणातल्या माणसाला सात समुद्रापलीकडे खोबऱ्याचा वास यावा, आणि तोही काट्यातून.

किलमॅकथॉमसला महॉन नदीवर आठ कमानींचा दगडी पूल आहे आणि त्याखाली दोनशे वर्षांहून जुनी ओटची गिरणी. गावात एक मोठी दगडी इमारत आहे, पूर्वीचं वर्कहाउस. 1845 नंतर इथे बटाट्याचं पीक कुजून जो दुष्काळ पडला, त्यात सुमारे दहा लाख माणसं गेली आणि तितकीच देश सोडून गेली. त्यानंतरच्या काळात निराधार कुटुंबं अशा ठिकाणी येत, आणि आत आल्यावर आई, बाप, मुलं यांना वेगवेगळं ठेवत. आता त्याच भिंतींच्या आवारात चहा मिळतो. आम्ही घेतला, पण मुलांना वेगळं ठेवायचे हे ऐकल्यावर आपा फार वेळ तिथे बसली नाही.

दुसऱ्या टप्प्यात ती घटना घडली. ग्रीनवेवर मोटारी नसल्या तरी काही ठिकाणी त्याला गावातले रस्ते छेद देतात. तिथे दोन्ही बाजूंना फाटकं आहेत, म्हणजे सायकलवाल्याने वेग कमी करून उतरावंच. अशाच एका फाटकाशी आम्ही पोहोचलो आणि डावीकडून एक मालट्रक आला. लांब होता, हळूही होता. चालकाने गाडी थांबवली आणि हाताने 'जा' असं खुणावलं. आपा हलेना. तिचे हात हँडलवर पांढरे पडले होते. चालक थांबून राहिला, त्याच्यामागे एक मोटार येऊन थांबली, हॉर्न कुणीही वाजवला नाही. आम्ही काही बोलणार तोच भाचीने आपली सायकल फाटकाला टेकवली, आपाचं मनगट धरलं आणि म्हणाली, "फुफी, चला, तो थांबलाय." दोघी पायी पलीकडे गेल्या. आपाची सायकल आम्ही नेली.

पलीकडे जाऊन आपा रडली. आम्हीही. भाचीला काही कळलं नाही, तिने पाण्याची बाटली पुढे केली. आम्ही तिला त्या सकाळची गोष्ट सांगितली, गटारापासून पडवीपर्यंत. घरात पहिल्यांदाच कुणीतरी ती पूर्ण सांगितली, आणि तीही आयर्लंडमधल्या गाईंच्या कुरणाशेजारी उभं राहून.

पुढे बोगदा आला, सुमारे 400 मीटरचा. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यापुढे हा म्हणजे मुलांचा खेळ, पण आगगाडीच्या खिडकीतून जाणं वेगळं आणि आपल्या पायांनी जाणं वेगळं. तोंडाशी नेचे लोंबत होते, आत थेंब पडत होते, आणि भाची मोठ्याने ओरडून प्रतिध्वनी काढत होती. आपा न उतरता पार झाली. त्यानंतर लगेच बॅलिव्हॉइलचा उंच पूल. 1922 च्या यादवीत तो सुरुंगाने उडवला होता, 1924 मध्ये पुन्हा बांधला. खाली दाट झाडीची दरी, आणि दरीच्या तोंडातून समुद्र.

तिथून समुद्र डावीकडे राहतो. वाट कड्याच्या उंचीवरून जाते, खाली क्लोनीची पुळण, समोर डन्गार्वनचा उपसागर, आणि रस्ता उताराचा. वारा समोरून आला तर पायडल मारावंच लागतं, तेवढं सांगून ठेवतो. पूर्वेकडचे अधिक उंच कडे, जिथे एकोणिसाव्या शतकात तांब्याच्या खाणी होत्या, ते आम्ही नंतर भावाच्या गाडीतून पाहिले. सुंदर आहेत, पण तिथला रस्ता मोटारींचा आहे.

उतारावर आपाने मागे पाहणं सोडलं. केव्हा सोडलं ते आम्हाला नेमकं सांगता येणार नाही. लक्षात आलं तेव्हा ती बरीच पुढे गेली होती. डन्गार्वनला पोहोचून गवतावर जोहरची नमाज अदा केली, उरलेल्या रोट्या खाल्ल्या. घाई नव्हती, तिथे मे महिन्यात मगरिब रात्री उशिरा होते. गावात अर्नेस्ट वॉल्टन यांचं नाव दिसलं. अणूचं केंद्रक कृत्रिमरीत्या फोडण्याच्या कामासाठी 1951 चं नोबेल मिळालेले हे शास्त्रज्ञ इथलेच. नववीच्या मुलांना सांगायचं म्हणून वहीत लिहून घेतलं.

आता एक कबुली. गेल्या वर्षी आठवीतल्या एका मुलीचे वडील शाळेत आले होते. मुलगी सायकलने येऊ म्हणते, पाठवू का, असं विचारत होते. आम्ही क्षणाचाही विचार न करता म्हटलं, "एसटीचा पास काढा." काही तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात, त्याचं आम्ही वर्गात कौतुक केलेलं आहे. आणि दारात आलेल्या बापाला हे उत्तर. हायवे आजही तोच आहे, किंबहुना रुंद झाला आहे, त्यामुळे आमचं उत्तर चुकीचं होतं असं अजूनही वाटत नाही. पण तिला हायवेनेच यावं लागेल हे आम्ही धरूनच चाललो होतो.

परत आल्यावर आपाला घेऊन एका रविवारी त्या मुलीच्या वाडीवर गेलो. वाडीच्या मागून खारजमिनीचा बांध खाडीच्या कडेकडेने शाळेच्या मागच्या बाजूला निघतो. गुरं आणि कोलीम पकडणाऱ्या बायांशिवाय तिथे कुणी जात नाही. तिचे वडील, ती मुलगी आणि आम्ही दोघी, असे चौघं चालत गेलो. हायवेपेक्षा पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतात. बांध रुंद आहे, एक सायकल आरामात जाईल. एका जागी माती खचली आहे, तिथे उतरावं लागेल. पावसाळ्यात भरतीच्या वेळी काय होतं ते पाहायचं आहे. आणि शाळेच्या अलीकडच्या साकवाच्या दोन फळ्या सुटल्या आहेत. मुलीच्या वडिलांनी वाकून त्या हलवून पाहिल्या आणि म्हणाले, "बाई, या मी बसवतो. खिळे तेवढे मोठे लागतील."