कंठ फुटतो तेव्हां

आपल्या भाषेंत 'कंठ फुटणें' या शब्दप्रयोगाचे दोन अर्थ आहेत. वसंतांत कोकिळाला कंठ फुटतो, म्हणजे तो गाऊं लागतो. आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा कंठ फुटतो, म्हणजे त्याचा कोंवळा आवाज जाऊन तेथें जाड, घोगरा आवाज येतो. पहिल्या अर्थानें जो गाण्याचा आरंभ, तोच दुसऱ्या अर्थानें पुष्कळ मुलांच्या गाण्याचा शेवट ठरतो, ही खेदाची गोष्ट होय. सातवीपर्यंत प्रार्थनेंत हिरिरीनें गाणारा मुलगा नववींत केवळ ओंठ हलवितो. आणि स्नेहसंमेलनांत कराओकेच्या साथीवर गाण्यासाठीं त्याचें नांव कोणी सुचविलें, तर तो मागच्या बांकावर जाऊन बसतो. हा दोष त्याच्या आवाजाचा नसून गाण्याच्या निवडीचा आहे, असें आमचें मत आहे. आणि तें विद्यार्थिबंधु व त्यांचे पालक यांच्यापुढें मांडण्याचा येथें हेतु आहे.

प्रथम या बदलाचें कारण पाहूं. या वयांत मुलांचें स्वरयंत्र वाढतें आणि आंतील स्वरतंतु लांब व जाड होतात. तंबोऱ्याची खर्जाची जाड तार जशी सावकाश कंप पावते व गंभीर बोलते, तसेंच येथें घडतें. आवाज सुमारें एक सप्तक खालीं उतरतो. कोणाचा बदल थोड्या महिन्यांत पुरा होतो, कोणाला वर्ष-दोन वर्षें लागतात. मधल्या काळांत आवाज एकाएकी चिरकतो आणि वर्ग हंसतो. परंतु मिसरूड फुटणें हा जसा रोग नव्हे, तसा हाहि नव्हे.

आतां अडचण कोठें येते तें पाहा. शाळेंतील प्रार्थना बहुधा मुलींच्या व लहान मुलांच्या सोयीनें काळी चारसारख्या उंच पट्टींत सुरू होते. आपलें राष्ट्रगीत मंद्र निषादापासून तार षड्जापर्यंत, म्हणजे एका सप्तकाहून किंचित् अधिक फिरतें. काळी चारमधील तार षड्ज नुकता कंठ फुटलेल्या मुलाला ओरडल्यावांचून मिळत नाहीं; आणि तेंच गीत एक सप्तक खालीं घ्यावें, तर खालचे स्वर घशांत बुडतात. वरहि जागा नाहीं, खालींहि नाहीं. मग तो गप्प राहतो, यांत नवल काय? तेंच गीत काळी एकमध्यें घेतलें, तर बहुतेकांचा आवाज मोकळा होतो.

कराओकेची गोष्ट अशीच आहे. १९७१ साली जपानांतील कोबे शहरीं दाइसुके इनोउए या वादकानें असें एक यंत्र तयार केलें. 'कराओके' या शब्दाचा अर्थ रिकामा वाद्यवृंद असा आहे. आपणांस सोबत येतां येत नव्हतें म्हणून त्यानें एका गिऱ्हाइकाला साथीची ध्वनिफीत करून दिली, त्यांतून ही कल्पना निघाली असें सांगतात. म्हणजे साथ गाणाऱ्याच्या सोयीसाठीं जन्मली. आज मात्र परंड्यांतहि मोबाईलवर मिळणारी साथ बहुधा मूळ गायकाच्या पट्टींत असते आणि मुलगा आपला गळा तिच्या मापानें ताणतो. अंगरखा अंगाला बसत नाहीं म्हणून अंग कापावें, त्यांतलाच हा प्रकार. बहुतेक साधनांत पट्टी खालीं-वर करण्याची सोय असते. ती वापरण्यांत कसला कमीपणा?

उंच आवाज तोच चांगला, ही समजूतहि तपासून पाहण्याजोगी आहे. ध्वनिक्षेपक नव्हता त्या काळीं मागच्या रांगेंतील प्रेक्षकापर्यंत पद पोंचविण्यासाठीं नटाला उंच पट्टी धरावी लागे. ध्वनिक्षेपक आला आणि ती गरज संपली. कुंदनलाल सैगल (१९०४–१९४७), पंकज मलिक (१९०५–१९७८) व हेमंतकुमार (१९२०–१९८९) यांचे खालच्या स्वरांत रमणारे गंभीर आवाज देशभर घरोघरीं पोंचले. मराठींत रवींद्र साठे यांच्या भरदार आवाजानें रसिकांना तोच आनंद दिला आहे.

कंठ फुटल्यावर गाणें संपतें असें ज्याला वाटत असेल, त्यानें भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांचें चरित्र वाचावें. लहानपणीं ते किर्लोस्कर नाटक मंडळींत गोड गळ्यामुळें गाजले. पुढें आवाज फुटला आणि रंगभूमीवरील तें स्थान गेलें. परंतु त्यांनीं गाणें सोडलें नाहीं. गुरूंच्या घरीं कष्ट काढून विद्या मिळविली, १९११ साली पुण्यास भारत गायन समाज स्थापन केला, आणि बालगंधर्वांसारखे शिष्य घडविले. जुना आवाज परत आणण्याच्या मागें न लागतां नव्या आवाजाला त्यांनीं कामास लावलें, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

मग गाणें निवडावें कसें? पेटीवर गाण्याचा सर्वांत खालचा व सर्वांत वरचा स्वर शोधावा. दोहोंमधील अंतर एका सप्तकाच्या आंत असेल तें गाणें घ्यावें, पांच-सहा स्वरांचें असेल तर अधिकच चांगलें. ओळी लहान असाव्या, म्हणजे दम पुरतो. ताना व लांब आलाप तूर्त नकोत. दोन-तीन पट्ट्यांत गाऊन पाहावें. ज्या पट्टींत बोलण्याइतक्या सहजतेनें शब्द येतात, ती आपली. सहा महिन्यांनीं ती पुन्हां तपासावी, कारण आवाज अजून बदलत असतो.

अशा गाण्यांसाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. आपल्या तालुक्यांतील डोमगांवीं समर्थशिष्य कल्याणस्वामींचा मठ आहे. समर्थांच्या मनाच्या २०५ श्लोकांची रूढ चाल मोजक्या स्वरांत फिरते आणि जाड आवाजाला शोभते. वारकऱ्यांचे अभंग समूहांत, संथ लयींत गातां येतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीं ख्रिस्ती उपासनेसाठीं रचलेले अभंग याच देशी वळणाचे आहेत. चित्रपटगीतेंच हवीं असतील, तर वर सांगितलेल्या गायकांचीं संथ गीतें पट्टी जुळवून घ्यावीं.

यावर कोणी म्हणेल, सोपें तेंच देत गेलों तर मुलें आळशी होतील. आक्षेप विचारार्ह आहे. परंतु सोपें गाणें नीट गाणें हें सोपें काम नव्हे. चार स्वरच असले म्हणजे बेसूर लपत नाहीं, उच्चार झांकला जात नाहीं. तालमींत नवा मुलगा आधीं जोर-बैठका काढतो, मग कुस्ती धरतो. त्याला कोणी आळशी म्हणत नाहीं. कोणी असेंहि म्हणतात कीं, या वयांत मुळींच गाऊं नये. हेंहि बरोबर नाहीं. आपल्या आवांक्यांत, न ओरडतां गाण्यानें अपाय होत नाहीं. अपाय होतो तो ताणण्यानें. घसा दुखूं लागला तर थांबावें, आणि घोगरेपणाबरोबर दुखणें तीन आठवड्यांहून अधिक टिकलें तर डॉक्टरांस दाखवावें.

पालकांस एवढीच विनंति कीं, घरीं त्या चिरकण्याची नक्कल करूं नये. चौदाव्या वर्षीं हंशाला भिऊन जो मुलगा गप्प बसतो, तो पुढें भजनांत टाळ धरतो पण तोंड उघडत नाहीं, उपासनेंत पुस्तक हातीं घेऊन उभा राहतो पण गात नाहीं. आणि स्वतःच्या लेकराला अंगाई म्हणण्याचाहि त्याला संकोच वाटतो. एका चुकीच्या पट्टीसाठीं ही किंमत फार मोठी आहे.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापाशीं आतां जो आवाज आला आहे, तोच बहुधा जन्मभर तुमच्या सोबतीला राहणार आहे. त्याची लाज धरूं नका. पेटीपाशीं बसा, आपली पट्टी शोधा, आणि येत्या संमेलनांत एक लहानसें गाणें मोकळ्या गळ्यानें म्हणा.