जोडी पक्की आहे का?

मत्स्यालयाच्या दुकानात सिक्लिड कुळातले छोटे मासे घेताना गिऱ्हाईक दोनच गोष्टी विचारते. रंग कसा आहे आणि जोडी पक्की आहे का? माणसाच्या गर्भाबाबत असा प्रश्न विचारणे आपल्याकडे गुन्हा आहे, माशाबाबत तो रास्त आहे. पण इंचभर पिलाबद्दल त्याचे प्रामाणिक उत्तर ‘आताच सांगता येत नाही’ हेच असते, आणि या उत्तरावर मासा विकला जात नाही.

एकाच लक्षणावर निदान करू नये, असे आम्हाला वॉर्डात पहिल्यांदा शिकवतात. इथेही तेच लागू आहे. रॅम हा दक्षिण अमेरिकेतला मासा घ्या. नराच्या पाठीवरच्या पराचे पुढचे काटे लांब असतात. मादीचे पोट गुलाबी असते आणि तिच्या अंगावरच्या काळ्या ठिपक्यात निळे चमकदार खवले दिसतात. पण ही खूण मूळ रंगाच्या, वयात आलेल्या माशांची. सोनेरी किंवा संपूर्ण निळ्या रॅममध्ये तो काळा ठिपकाच नीट उरलेला नाही, मग खवले शोधणार कुठे?

‘रंगीत तो नर’ हा ठोकताळाही फसवा आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या क्रिबेन्सिसमध्ये चेरीसारखे लाल, गोलसर पोट मिरवते ती मादी. नर लांबट आणि टोकदार परांचा असतो. मध्य अमेरिकेतल्या पट्टेरी कॉन्व्हिक्टमध्ये पोटावरची नारिंगी छटा मादीचीच. आपल्या देशात सिक्लिडच्या मूळ प्रजाती तीनच. त्यांतली एक म्हणजे गोव्यात आणि कोकणात ताटात येणारा काळुंदर. त्याचे नर-मादी नुसत्या रंगावरून ओळखणे जवळपास अशक्य.

त्यातल्या त्यात भरवशाची खूण अंडी घालायच्या वेळी दिसते. पोटाखाली छोटी नळी बाहेर येते. नराची बारीक आणि टोकदार, मादीची रुंद आणि बोथट. तेव्हाही गंमत होते. दोन माद्या मिळून कुंडीचा तुकडा साफ करतात, त्यावर अंडी घालतात, राखण करतात. दोन दिवसांत अंडी पांढरी पडली की मालकाच्या लक्षात येते, टाकीत नर नाहीच.

मुळात या माशांचे लिंग माणसासारखे फलनाच्या क्षणीच कायमचे ठरते असे नाही. क्रिबेन्सिसची पिल्ले आम्लधर्मी पाण्यात वाढली तर नर जास्त होतात. अपिस्टोग्रामा या बुटक्या सिक्लिडांवरचा रोमर आणि बायझेनहर्त्स यांचा अभ्यास 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. तीसहून अधिक प्रजातींत पहिल्या काही आठवड्यांतले तापमान लिंगावर परिणाम करते, उबदार पाण्यात नर वाढतात, असे त्यांना दिसले.

या लवचिकतेचाच धंद्यात वापर होतो, आणि माझा आक्षेप तिथे आहे. टिलापिया, म्हणजे आपली चिलापी, हाही सिक्लिडच. तिची सगळी पिल्ले नर व्हावीत म्हणून जगभर पहिले तीन-चार आठवडे खाद्यातून मिथाइलटेस्टोस्टेरॉन देतात. शोभिवंत माशांच्या व्यापारात हेच औषध रंगासाठी वापरले जाते. कोवळ्या पिलांवर आणि माद्यांवरही नराचा रंग चढतो. खाद्य बंद झाले की तो उतरतो, आणि अशा माशांना पुढे पिल्ले होतीलच याची खात्री नसते. गिऱ्हाइकाला वाटते आपलेच पाणी बिघडले.

टाकीत असा मासा असल्याने घरातले कोणी आजारी पडेल असे नाही. धोका खाद्य तयार करणाऱ्याला आहे. ही पूड अल्कोहोलमध्ये विरघळवून खाद्यावर चोळतात. घरगुती पैदास असेल तर हातमोजे, मास्क यांची अपेक्षा कोणाकडून करायची? हे औषध यकृताला इजा करते, त्याने कावीळ होऊ शकते. गरोदर बाईच्या शरीरात गेले तर मुलीच्या गर्भाच्या जननेंद्रियांवर पुरुषी परिणाम होऊ शकतो. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय जे माणसाला देऊ नये, ते माशाच्या रंगासाठी पुडीतून मिळता कामा नये. ते बंद करणे औषध प्रशासनाचे काम आहे. पण वयाआधी झगझगणारी पिल्ले आपण मागणे सोडले, तर मिसळणाऱ्यालाही कारण उरणार नाही.

जोडी हवी असेल तर फिकट दिसणारी सहा पिल्ले एकत्र घ्यावीत आणि सहा-आठ महिने वाढू द्यावीत. दोघे आपणहून कोपरा धरतात आणि बाकीच्यांना हाकलू लागतात, तेव्हा उरलेले चार बाजूला काढावेत. ते दुकानदाराला परत द्यावेत किंवा ओळखीच्या शौकिनाला. तलावात किंवा नदीत मात्र सोडू नयेत. परका सिक्लिड मोकळ्या पाण्यात काय करतो, ते उजनीच्या मच्छीमारांना विचारा. त्यांच्या जाळ्यात आता बहुतेक चिलापीच येते.