गवंड्याच्या पोरानें काय शिकावें?

गेल्या महिन्यांत आमच्या वर्गांत घडलेला एक प्रसंग सांगूनच विषयास हात घालतों. सातवीच्या मुलांस वडिलांचा व्यवसाय लिहावयास सांगितला होता. एका मुलानें 'कंत्राटदार' असें लिहिलें. त्याचा बाप गवंडी. आमच्याच शाळेच्या कुंपणाची भिंत त्यानें बांधली, आणि आजही ओळंबा सोडून पाहावा तर ती सुतांत उभी आहे. मुलास बाजूला घेऊन विचारलें, तेव्हां तो मान खालीं घालून म्हणाला, "गुरुजी, गवंडी लिहिलं की पोरं हसतात." त्या पोरांना आम्हीं काय बोलावें? 'शिकला नाहींस तर चिखल तुडवशील' हें वाक्य आम्हीं शिक्षकांनींच वर्षानुवर्षें वर्गांतून ऐकविलें आहे. या पापांत आमचाही वांटा आहे, हें प्रथम कबूल करतों.

आतां गंमत पाहा. ज्या चिखलाचें आम्ही भय घालीत होतों, तोच कसा तुडवावा हें शिकण्यासाठीं शहरचीं मुलें हल्लीं पैसे भरून जात आहेत. तामिळनाडूकडील ऑरोव्हिल येथें मातीच्या बांधकामाची संस्था आहे. तेथें देशोदेशींचे विद्यार्थी माती चाळतात, तींत शेंकडा पांच भागांच्या आसपास सिमेंट मिसळतात आणि यंत्रांत दाबून, भट्टींत न भाजतां, वीट काढतात. केरळांत लॉरी बेकर या मूळच्या इंग्रज वास्तुविशारदानें विटा कडेवर उभ्या लावून भिंतींत पोकळी ठेवण्याची रीत रुजविली. तिनें सुमारें पाव हिस्सा विटा वांचतात व घरही थंड राहतें. हा श्रीमंतांचा छंद नव्हे. सिमेंटसाठीं चुनखडी सुमारें १४५० अंश उष्णतेंत भाजावी लागते. त्या दगडांतून व इंधनांतून निघणारा कार्बन वायु जगांत मनुष्यानें सोडलेल्या अशा वायूच्या ७ ते ८ टक्के भरतो. म्हणून कमी सिमेंटांत, कमी विजेंत चालेल असें घर योजणाऱ्या माणसास आतां काम मिळूं लागलें आहे. शिवाय जुलै २०२५ मध्यें रायगड, शिवनेरी, पन्हाळा यांसह बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादींत गेले. त्यांतले अकरा आपल्या महाराष्ट्रांतले. त्यांच्या तटांवर सिमेंट चोपडून भागत नाहीं. तेथें चुनाच लागतो आणि चुना मळणारा हात लागतो.

मग हीं कामें कोणाच्या पदरांत पडणार, आणि तीं शिकविण्याची खुर्ची कोणाची? खरा प्रश्न हाच आहे. १९७२ च्या कायद्यानें वास्तुकला परिषदेंत नोंद असलेल्यासच 'आर्किटेक्ट' हें नांव लावतां येतें. मार्च २०२० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें कीं, या कायद्यानें मनाई आहे ती नांवाला, कामाला नव्हे. म्हणजे गवंड्यानें घर योजावें, पण नांव लावूं नये! कॉलेजांत शिकवावयाचें तर साधारणतः वास्तुकलेची पदवी व तिच्यावर पदव्युत्तर पदवी पाहिजे. जो चुना मळतो तो दाराबाहेर, आणि जो चुन्यावर प्रबंध लिहितो तो आंत. विद्यापीठ अनुदान मंडळानें २०२२ सालीं एक खिडकी उघडली आहे. 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' या जागेस पदवीची सक्ती नाहीं, किमान पंधरा वर्षांचा अनुभव पाहिजे, आणि मंजूर जागांच्या दहा टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करतां येतात. पण तेथें अनुभव शक्यतों वरिष्ठ पदावरचा असावा, अशी अपेक्षा आहे. तीस वर्षें परातीवर उभा असलेला आमचा गवंडी कोणत्या पदावर होता म्हणून सांगावें? वास्तुकलेच्या कॉलेजांनीं पाथरवट, सुतार, बुरूड यांस या खिडकीनें आंत घ्यावें. एक दिवसाचें प्रात्यक्षिक, शाल व नारळ एवढ्यावर आमची बोळवण नको, पगार द्यावा.

आफ्रिकेंतील बुर्किना फासो देशांतल्या गांडो या खेड्याची गोष्ट सांगण्याजोगी आहे. तेथल्या प्रमुखाचा मुलगा दिएबेदो फ्रान्सिस केरे. गांवांत शाळा नाहीं म्हणून लहानपणींच त्याला बाहेरगांवीं धाडलें. तो सुतार झाला आणि १९८५ सालीं त्याच धंद्याच्या शिक्षणासाठीं जर्मनीस गेला. पुढें रात्रीच्या शाळेंत शिकून तो बर्लिनच्या विद्यापीठांत वास्तुकलेस बसला. विद्यार्थी असतांनाच त्यानें पैसे जमवून स्वतःच्या गांवांत शाळा बांधावयास घेतली, ती २००१ सालीं पुरी झाली. माती म्हणतांच गांवकरी हिरमुसले. पावसांत विरघळणारी भिंत पाहायला काय हा जर्मनीला गेला होता! त्यानें मातींत थोडें सिमेंट घालून विटा दाबल्या, वरचा पत्रा भिंतींपासून उंच उचलला म्हणजे मधून वारा खेळावा, आणि सगळ्या गांवाला कामास लावलें. २०२२ सालीं त्याला प्रित्झकर हें वास्तुकलेंतलें सर्वांत मोठें पारितोषिक मिळालें. म्युनिकच्या विद्यापीठांत तो प्राध्यापकही झाला. त्याच्या हातांत रंधा आधीं आला, पदवी मागाहून.

मात्र 'जुनें तें सोनें' म्हणून नाचणारांत आम्ही नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस भूकंप झाला तेव्हां आम्ही शाळकरी होतों. हजारो माणसें स्वतःच्याच घराखालीं गेलीं. दगडमातीच्या जाड भिंती, त्यांत आरपार जाणारे दगड नाहींत, आणि माळवदावर वर्षोवर्षीं चढविलेला मातीचा थर. बापजाद्यांचा हात चांगला होता, पण भूकंपाचें गणित त्यांना कोणीं सांगितलें नव्हतें. तें सांगण्याकरितांच शाळा पाहिजे.

आतां वाटेचें सांगतों. दहावीनंतर आय.टी.आय. मध्यें गवंडीकाम, सुतारकाम आहे. आरेखक स्थापत्य हा दोन वर्षांचा अभ्यासही आहे. तो केलेल्या मुलास नकाशा काढण्याचें काम बहुधा मिळतें. पदवी पांच वर्षांची. बारावीस गणित व भौतिकशास्त्र, किंवा दहावीनंतरची तीन वर्षांची गणितासह पदविका, आणि नाटा ही प्रवेशपरीक्षा. या परीक्षेंत चित्रही काढावें लागतें, म्हणून एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या चित्रकलेच्या परीक्षांस पोरांना अवश्य बसवा. आठ लाखांच्या आंत उत्पन्न असलेल्या घरांस, इतर अटी पुऱ्या होत असल्यास, राजर्षि शाहू महाराजांच्या नांवाच्या योजनेंतून निम्मी फी मिळते. मुलींस २०२४-२५ पासून बव्हंशीं पूर्ण माफी आहे. तरीही कागद, पुठ्ठा, संगणक व वसतिगृह यांचा खर्च कंबर मोडतो, आणि पहिलीं दोन-चार वर्षें पगारही बेताचाच. शेत विकून पदवी घ्यावी, असें आम्ही म्हणणार नाहीं. घरांत थापी असेल तर सुटींत बापाच्या हाताखालीं काम करून आरेखक व्हावें; पुढें जमल्यास पदवी.

त्या गवंड्यास आम्हीं येत्या सोमवारीं वर्गावर बोलाविलें आहे. पाया आखतांना तो दोरीवर तीन, चार आणि पांच अशीं मापें धरून काटकोन काढतो. सातवीच्या पुस्तकांत तोच पायथागोरसचा सिद्धांत आहे. यंदा तो आम्ही शिकविणार नाहीं, तो शिकवील. दोरीचें दुसरें टोंक धरण्यास त्याचा मुलगा स्वतः होऊन तयार झाला आहे.