दात्याची जात विचारणारा दवाखाना

चेन्नईच्या टी. नगरला नाव पडले ते पिट्टी त्यागराय चेट्टींवरून. ब्राह्मणी वर्चस्वाविरुद्ध उभ्या राहिलेल्या जस्टिस पक्षाचे ते एक संस्थापक. पक्ष निघाला १९१६ मध्ये. त्याच वर्षी ९ मे रोजी बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. जात जगते ती जातीबाहेरचे लग्न रोखून आणि त्यासाठी बाईच्या देहावर पहारा बसवून, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिले.

शंभराहून अधिक वर्षांनी याच टी. नगरातल्या एका वंध्यत्व उपचार केंद्रात माझा एक मित्र बायकोला घेऊन बसला होता. नोकरीसाठी तो चेन्नईला गेलेला, घराण्यातला पहिला पदवीधर. वीर्यतपासणीत शुक्राणू शून्य आले. त्या एकाच रिपोर्टवर समुपदेशकाने विचारले, “डोनर तुमच्याच कम्युनिटीतला बघू का?” मित्राने गावी फोन लावला. आई म्हणाली, “आपल्यातलाच बघ रे बाबा.” त्या घराच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे.

मला समुपदेशकाचा राग आला. लाज मात्र आपलीच वाटली.

गर्भाचे लिंग निवडणे या देशात गुन्हा आहे. दात्याची जात निवडणे मात्र ‘पेशंटची सोय’ ठरते. दात्याची एचआयव्ही, हिपॅटायटिसची तपासणी होते, रक्तगट कळतो. जात दाखवणारी तपासणी जगातल्या कोणत्याही लॅबमध्ये नाही. मग विकले काय जाते? फक्त एक शब्द. “मूल आपल्यासारखे दिसावे,” असे कोणी म्हणेल. मग उंची-बांधा विचारा. आडनावाने नाक ठरत नाही. नाकाची मापे घेऊन जातीला वंश ठरवण्याचा खेळ बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्येच मोडीत काढला आहे.

“सवर्ण मागतात, मग आपण मागितले तर काय बिघडले?” बिघडते. त्यांनी बांधलेली भिंत आपण आपल्या हाताने लिंपतो.

म्हणून केंद्र निवडताना भलतेच प्रश्न सोडा आणि हे विचारा. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याखाली नोंदणी आहे का? वीर्यतपासणी पुन्हा करणार का? शुक्राणू शून्य आले तरी लगेच दाता कशाला? नळीत अडथळा असेल तर वृषणातून शुक्राणू काढता येतात. एकच शुक्राणू बीजांडात सोडण्याचे इक्सी तंत्र १९९२ पासून जगाला ठाऊक आहे. पुरुषाला तपासणारा तज्ज्ञ आहे का, की सगळी इंजेक्शने बाईलाच? शंभर जोडप्यांपैकी किती जणांनी बाळ घरी नेले? कर्ज काढण्याआधी पूर्ण खर्च लिहून मागा.

आणि ‘कम्युनिटी’ विचारली गेली, तर उठून बाहेर या. लग्नाच्या बायोडेटातली जी ओळ खोडायला आपण आत्ता कुठे शिकतो आहोत, ती इथेही खोडावी लागेल.