आजीचं लुगडं ते रेडिमेड नऊवारी : नेमकी कोणती फॅशन परत आलीये?

गुढीपाडव्याला गिरगावात शोभायात्रा निघते. नऊवारी, नथ, फेटा, गॉगल आणि खाली बुलेट. दुपारपर्यंत फोटो आपल्या मोबाइलवर येतात आणि कमेंट पडते, ‘आजीचा जमाना परत आला!’

पण मुंबईतली आजी खरंच असं नेसायची का?

लुगडं म्हणजे कामाचं कापड

नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. कासोटा घातला की पाय मोकळे, परकराची गरज नाही. परळ-लालबागच्या गिरण्यांत वाइंडिंग खात्यात राबणाऱ्या बायका, कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या, मासळी विकणाऱ्या कोळणी, सगळ्यांचं रोजचं वस्त्र हेच. सुती आणि टिकाऊ. कोळणीचं गुडघ्यापर्यंत, ब्राह्मण घरातलं घोट्यापर्यंत. नेसण्यावरूनच जात आणि काम ओळखू यायचं.

मग ते मागे का पडलं?

शिकलेल्या, नोकरीला लागलेल्या मुली गोल साडीकडे वळल्या. सहावारीला तीन वार कापड कमी लागतं. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली आणि १९४३ मध्ये सरकारने सुती कापडावर नियंत्रण आणलं, तेव्हा ही बचत छोटी नव्हती. शिवाय गोल साडीत जात आणि काम चटकन कळत नव्हतं. म्हणजे लुगडं सुटलं याचं वाईट सगळ्यांनाच वाटलं, असं नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, पुढे गिरण्याच बंद होत गेल्या. रोज लुगडं नेसणाऱ्या उरल्या त्या म्हाताऱ्या बायका.

परत काय आलं?

आज दादरच्या दुकानात शिवलेली नऊवारी मिळते. पायजम्यासारखी चढवायची, पाच मिनिटांत तयार. लोकल पकडून यात्रेला येणाऱ्या मुलीसाठी ही मोठीच सोय. पण प्रकारांची नावं बघा : पेशवाई, मस्तानी, राजलक्ष्मी. सगळी वाड्यातली आणि दरबारातली. गिरणीतल्या बाईचं लुगडं यात नाही.

याचं एक कारण अगदी घरगुती आहे. सुती लुगडं विरलं की त्याची गोधडी व्हायची, गोधडी फाटली की पुसणं. पैठणी आणि शालू मात्र ट्रंकेत जपून राहिले. जे उरलं तेच पुढच्या पिढीने पाहिलं आणि त्यालाच ‘पारंपरिक’ म्हटलं.

म्हणून लालबागच्या मुलीला पाडव्याला पेशवाई नऊवारी सहज मिळते, तिच्या पणजीचं लुगडं मिळत नाही. घरात कुणाला अजून ते नेसता येत असेल, तर या वेळी फोटोसोबत एक व्हिडिओही काढा. कासोटा कसा खोचतात, ओचा किती धरतात, हे रेडिमेड नऊवारीतून कळणार नाही.