अडलेली वाट आणि सुटलेले विमान

२०२२ साली दत्तजयंती ७ डिसेंबरला आली होती. आदल्याच दिवशी बेळगावजवळ हिरेबागेवाडी येथे महाराष्ट्राच्या नंबरपाटीच्या मालमोटारींवर दगडफेक झाली आणि पोलिसांच्या सल्ल्यावरून एस. टी. महामंडळाने कर्नाटकात जाणाऱ्या आपल्या गाड्या थांबविल्या. नृसिंहवाडीस वर्षातील मोठी गर्दी लोटावयाची तो हा मुहूर्त. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील या क्षेत्री जो एकदा गेला आहे, त्याला तेथील घाटावर मराठीच्या बरोबरीने कानडी कानी पडते हे सांगावयास नको. चिकोडी, अथणी, रायबागकडील कुटुंबांना वाडी परराज्यातील कधी वाटलेलीच नाही. औदुंबर, वाडी आणि गाणगापूर ही नृसिंह सरस्वतींची तीन स्थाने. त्यांपैकी दोन आज महाराष्ट्रात आहेत आणि तिसरे कर्नाटकात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या तेव्हा यात्रेकरूंच्या वाटा कोणी विचारात घेतल्या नव्हत्या.

सीमाप्रश्नाच्या न्यायान्यायाची चर्चा आज आम्हांस करावयाची नाही. २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. आमचा आजचा प्रश्न त्याहून पुष्कळ लहान, परंतु सामान्य गृहस्थाच्या खिशाला थेट भिडणारा आहे. दंगल, बंद, दगडफेक अशा कारणांनी ज्याची वाट अडते, त्याने आधी पैसे मोजून घेतलेल्या तिकिटाचे काय व्हावे? हा प्रसंग अपवादात्मक आहे असे कोणी समजू नये. २१ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री चित्रदुर्गजवळ महाराष्ट्राच्या एस. टी. गाडीस अडवून चालकाच्या तोंडास काळे फासण्यात आले. दुसऱ्या दिवशी परिवहन मंत्र्यांनी कर्नाटकाकडे जाणारी वाहतूक पुन्हा बंद केली. महिन्याभरात, २२ मार्च रोजी, कन्नड संघटनांनी त्यांच्या राज्यात बंद पुकारला. म्हणजे सव्वादोन वर्षांच्या अवधीत या रस्त्याने जाणाऱ्या माणसाच्या बेतावर तीन वेळा पाणी फिरण्याची वेळ आली.

एस. टी. चे एक बरे आहे. तिने स्वतः फेरी रद्द केली तर आरक्षणाचे पैसे ती परत करते, आणि रक्कमही फार मोठी नसते. अडचण येते ती त्या एस. टी. च्या पुढे विमानाचा प्रवास जोडलेला असतो तेव्हा. चंदगडच्या माणसाला उजळाईवाडीपेक्षा सांबऱ्याचा विमानतळ जवळ पडतो. बंगळूरास नोकरी करणारा शिरोळ तालुक्यातील मुलगा दत्तजयंतीला घरी येतो, तोही कधी कोल्हापूरला उतरतो, कधी बेळगावला. समजा, परतीच्या दिवशी वाडीहून बेळगावकडे जाणारी गाडी नाही, खाजगी मोटारवाला महाराष्ट्राच्या पाटीची गाडी घेऊन कोगनोळीच्या पुढे जाण्यास तयार नाही. मिरजेहून बेळगावास रेल्वे आहे, पण तिची वेळ विमानाच्या वेळेशी जुळेलच असे नाही. इकडे सांबऱ्याला आकाश निरभ्र, धावपट्टी मोकळी. विमान ठरल्या वेळी सुटते. कंपनीच्या दप्तरात या प्रवाशाची नोंद एका शब्दात होते: 'नो-शो'. अर्थात् तो आलाच नाही! तो का आला नाही, हे लिहिण्यास त्या दप्तरात रकाना नाही.

येथे नियम काय म्हणतात ते पाहणे अवश्य आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार विमान कंपनीने उड्डाण रद्द केले तर प्रवाशास दुसरे विमान किंवा पैसे परत, यांपैकी एक मिळावयास हवे. दंगल, बंडाळी, राजकीय अस्थैर्य, संप, पूर अशा असाधारण कारणांनी उड्डाण रद्द झाल्यास कंपनीवर नुकसानभरपाईचा बोजा पडत नाही. आणि ते न्याय्यही आहे, कारण दंगल काही कंपनीने घडविलेली नसते. मात्र विमान सुटले आणि प्रवासी पोहोचला नाही, तर त्याच्या हाती हक्काने परत येतात ते केवळ सरकारी कर आणि विमानतळाचे शुल्क. मूळ भाडे तिकिटाच्या शर्तींवर सोपविलेले असते, आणि स्वस्त तिकिटाच्या शर्ती कशा असतात हे वाचकांस अनुभवाने ठाऊक आहे. एकंदरीत असे दिसते की, दंगल ही आपत्ती आहे हे नियमाला मान्य आहे, परंतु ती कंपनीवर कोसळली तरच. प्रवाशावर कोसळली तर तो त्याचा वैयक्तिक उशीर ठरतो. एकाच दगडफेकीकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी आहेत आणि त्यांचा मेळ कसा घालावयाचा हे आम्हांस तरी समजत नाही.

कंपन्या सर्वदा निष्ठुर असतात असे मात्र म्हणता येणार नाही. भीमा कोरेगावच्या हिंसाचारानंतर ३ जानेवारी २०१८ रोजी महाराष्ट्र बंद झाला. मुंबईत रस्ते अडविले गेले, लोकल गाड्या रोखल्या गेल्या. विमाने बव्हंशी उडत होती. अडला होता तो विमानतळाकडे येणारा रस्ता. त्या वेळी काही कंपन्यांनी तिकिटातील बदलाचे शुल्क माफ केले. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्तांतराचा भडका उडाला तेव्हा, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूचा विमानतळ बंद पडून महाराष्ट्रातीलही अनेक प्रवासी तेथे अडकले तेव्हा, आपल्या कंपन्यांनी तारीख बदलण्याची सवलत जाहीर केली. हे सारे स्तुत्य आहे. पण मुंबई, ढाका, काठमांडू ही नावे साऱ्या देशाच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर येतात. कोगनोळीच्या नाक्यावर वाहतूक थांबली तर ती बातमी कोल्हापूर-बेळगावबाहेर कितीशी जाते? कंपनीची कृपा ही बातमीच्या आकाराप्रमाणे होणार असेल, तर लहान गावच्या माणसाच्या वाट्याला ती कधी यावयाची? कृपेचा हाच दोष आहे की तिच्यावर दावा सांगता येत नाही.

शिवाय जी सवलत मिळते तिच्यातही एक मेख असते. बदलाचे शुल्क माफ होते, पण 'भाड्यातील फरक' बहुधा भरावाच लागतो. अशांततेच्या दिवसांत विमानभाडे कोठे जाते हे फेब्रुवारी २०१६ मध्ये हरियाणातील जाट आंदोलनाच्या वेळी दिसले. रस्ता आणि रेल्वे बंद पडताच दिल्ली-चंडीगडच्या थोड्या वेळाच्या उड्डाणाचे भाडे आकाशास भिडले. अशा वेळी शुल्कमाफीचा आनंद किती टिकावा! आणि ही सवलत मिळवावयाची कोठे, तर मोबाइलवर. ७ जून २०२३ रोजी आमच्या या कोल्हापुरात दंगल उसळली, पोलिसांना लाठीमार करावा लागला आणि सरकारने इंटरनेट बंद केले. अफवा रोखण्यासाठी ते अवश्य होते की नव्हते, हा वेगळा वाद आहे. परंतु त्या दिवशी ज्याला तिकिटाची तारीख बदलावयाची होती, त्याने ती कशी बदलावी? सरकारने वाट बंद केली, सरकारनेच तारायंत्रही बंद केले, आणि मुदतीत कळविले नाही म्हणून दंड मात्र प्रवाशाने भरावयाचा.

यावर विमान कंपन्यांचे म्हणणे काय असेल याची आम्हांस कल्पना आहे. रिकामे गेलेले आसन दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. भाजीवाल्याची उरलेली भाजी निदान संध्याकाळी स्वस्तात जाते, विमानाच्या आसनाचे तेही नाही. दुसरे असे की, आज कोणीही उठून बंद पुकारतो. चार माणसांच्या संघटनेने पत्रक काढले की साऱ्या गावाने तिकिटे बदलावीत, असे झाल्यास धंदा चालावयाचा कसा? हे आक्षेप पोकळ नाहीत. जमावबंदीचा आदेश तर सणासुदीलाही निघतो. तेवढ्यावरून कोणाचा प्रवास अडत नाही. म्हणून सवलतीचा आधार प्रवाशाचे सांगणे नसावा, पुढाऱ्याचे पत्रकही नसावे. तो सरकारी कागद असावा. जिल्हादंडाधिकाऱ्याने संचारबंदी लावली, रस्ता बंद केला, इंटरनेट थांबविले किंवा राज्याच्या परिवहन महामंडळाने एखाद्या मार्गावरील वाहतूक स्थगित केली, तर त्या कागदावर तारीख असते, जागा असते, सही असते. त्या जिल्ह्यातून अथवा त्या मार्गाने विमानतळ गाठणाऱ्या प्रवाशास, तो कागद पुढे केल्यावर, एकदा विनाशुल्क आणि विनाफरक तारीख बदलून मिळावी. हा नियम महासंचालनालयाने करावा. पूर्ण भाडे परत द्यावे असा आमचा आग्रह नाही. तो तोटा दोघांनी वाटून घेण्याचा आहे. इंटरनेट बंद असेल तितके तास कळविण्याच्या मुदतीतून वगळावेत, हे तर सांगण्याचीही गरज पडू नये.

ही मागणी जगावेगळी आहे असेही नाही. युरोपीय संघाच्या २०१५ च्या निर्देशानुसार, संयोजकाकडून पूर्ण सहल विकत घेतलेल्या प्रवाशास, मुक्कामाच्या ठिकाणी असाधारण परिस्थिती उद्भवून सहलीवर मोठा परिणाम होत असेल, तर दंड न भरता करार मोडता येतो. म्हणजे विमान उडते की नाही एवढेच तेथे पाहिले जात नाही. आपल्याकडे प्रवाशाने ग्राहक आयोगाकडे जावे, असे सुचविले जाईल. चार-पाच हजारांच्या तिकिटासाठी शिरोळच्या माणसाने तारखांना हेलपाटे घालावेत, ही सूचना करणाऱ्याने एकदा स्वतः तसे करून पाहावे.

केंद्राकडून नियम होईल तेव्हा होईल. तोपर्यंत आपल्या राज्य सरकारला करण्याजोगे एक काम आहे आणि त्याला फारसा खर्चही नाही. एस. टी. ची वाहतूक थांबविण्याचा निर्णय बहुधा दूरचित्रवाणीवर मंत्र्यांच्या तोंडून कळतो, नाहीतर आगारात चौकशी खिडकीवर. कोणत्या वेळेपासून, कोणत्या मार्गावर, किती काळ, हे लिहिलेला कागद प्रवाशाच्या हाती पडत नाही. विभाग नियंत्रकाच्या सहीचा असा दाखला आगारातून मागताक्षणी मिळू लागला, तर विमान कंपनीशी, विमा कंपनीशी आणि वेळ पडल्यास आयोगापुढेही बोलावयास प्रवाशाजवळ काही पुरावा राहील. दोन्ही राज्यांच्या महामंडळांनी आपापल्या गाड्या सीमेपर्यंत तरी चालू ठेवण्याचा करार आधीच करून ठेवावा, म्हणजे मधले अंतर माणसे पायी तोडतील. वाडीच्या यात्रेकरूला चालण्याचे भय नाही. आणि वाहतूक थांबल्याची सूचना नृसिंहवाडीच्या स्थानकावर वेळेसह लावली जावी. फलक मराठीत असावा, तसा कानडीतही.